कॉम्प्युटरला मराठी वाचायला बसवताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब आणि डिस्पॅच बघतो. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळचा एक उद्योग अंगावर घेतला: इंटरनेटवरचा मराठी मजकूर कॉम्प्युटरला वाचायला लावायचा आणि त्यातली माहिती त्याने स्वतः वेचायची. उजनी धरण भीमेवर आहे हे मी त्याला सांगायचं नाही, त्याने वाचून टिपायचं. आमच्या फोरमनच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "का बे, कॉम्प्युटरला शाळेत घालतोस काय?" आता मागे वळून बघता त्याचा शब्द अगदी चपखल होता. फक्त हा विद्यार्थी असा, की जे वाचेल ते खरं मानतो आणि त्यावरून आणखी दहा गोष्टी खऱ्या मानून बसतो.

मी बी.कॉम. आहे. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा यूट्यूबवर बघून शिकलो. तुम्हाला फाइल उघडणं, लूप फिरवणं आणि यादीत शोधणं जमत असेल तर तेवढ्या भांडवलावर हे होतं. मला आठ महिने लागले. त्यातले निदान चार मराठीच्या खाचाखोचा माहीत नसल्यामुळे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी

यंत्राला ज्ञान द्यायचे दोन मार्ग. एक, माणसांनी बसून एकेक गोष्ट भरायची. अमेरिकेत १९८४ साली सुरू झालेला 'साइक' हा प्रकल्प याच वाटेने गेला आणि लाखो विधानं हातांनी लिहीत दशकानुदशकं चालला. दुसरा मार्ग म्हणजे यंत्रालाच वाचायला लावणं. मार्टी हर्स्ट या संशोधिकेने १९९२ साली दाखवलं की भाषेतले काही ठरावीक साचे पकडले तरी बरंच काही हाती लागतं. मराठीत सांगायचं तर "भीमा, सीना यांसारख्या नद्या" एवढे शब्द वाचले की भीमा आणि सीना नद्या आहेत हे कळतं, भूगोल येण्याची गरज नाही. गूगलच्या दोन संस्थापकांपैकी एक, सर्गेई ब्रिन, यांनी १९९८ साली पुस्तक आणि लेखक अशा फक्त ५ जोड्या यंत्राला दिल्या. यंत्राने त्या जोड्या वेबपानांवर कशा लिहिल्या जातात ते पाहिलं, त्यावरून साचे काढले, साच्यांवरून नव्या जोड्या काढल्या, आणि शेवटी १५ हजारांवर पुस्तकं गोळा केली. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० पासून 'नेल' नावाची प्रणाली दिवसरात्र वाचायला बसवली, तिची मूळ युक्तीही हीच. आपण करणार आहोत तो याच घराण्यातला, पण हातगाडीवरचा प्रकार.

"आता एवढी मोठी भाषा-मॉडेल्स आली, ती विचारल्यावर सगळं सांगतात, मग हा खटाटोप कशाला?" हे मला पुतण्यानेच विचारलं. ती मॉडेल्ससुद्धा वाचूनच शिकतात. पण वाचलेलं सगळं त्यांच्या आत आकड्यांच्या रूपात विरघळून जातं, आणि अमुक गोष्ट कुठल्या वाक्यातून आली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. माझ्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीशेजारी तिचं मूळ वाक्य असतं. हिशेबाच्या माणसाला व्हाउचरशिवाय नोंद पटत नाही, त्याला इलाज नाही.

काय काय लागेल

– ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप. ग्राफिक्स कार्ड नको.
– पायथन, आणि त्यासोबत 'रेजेक्स' हे मजकुरात शोधाशोध करणारं वेगळं मॉड्यूल (जोडून घ्यायचा तयार प्रोग्रॅम). ते का, हे तिसऱ्या पायरीत येईल.
– मराठी विकिपीडियाचा डंप. पूर्ण विकिपीडियाचा मजकूर एका दाबलेल्या फाइलमध्ये विकिमीडियाच्या डंपच्या पानावर मोफत मिळतो. लाखाच्या आसपास लेख आहेत.
– एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क.
– ठिकाणांची यादी. जिल्हे, तालुके, नद्या, जमतील तेवढी गावं.
– एक दोनशेपानी वही. हसू नका, सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला.

१. विषय मुठीत मावेल एवढाच घ्या

मी पहिल्या दिवशी ठरवलं होतं, "महाराष्ट्राबद्दल सगळं". तिसऱ्या आठवड्यात ते "सोलापूर जिल्ह्याबद्दल सगळं" झालं आणि दोन महिन्यांनी फक्त पाच संबंधांवर आलं: गाव कुठल्या तालुक्यात, धरण कुठल्या नदीवर, व्यक्तीचा जन्म कुठे, व्यक्तीचा जन्म कधी, आणि कुठल्या ठिकाणाचं कुठलं पीक किंवा वस्तू नावाजलेली. एवढं पुरे.

प्रत्येक माहिती तीन खान्यांत बसली पाहिजे: कोण, कुठला संबंध, काय. "उजनी धरण | नदी | भीमा". चौथ्या खान्यात मूळ वाक्य, पाचव्यात ते कुठून घेतलं आणि कुठल्या तारखेला. चौथा आणि पाचवा खाना "नंतर भरू" म्हणून सोडू नका. मी सोडला होता. मग चूक सापडली की ती कुठून शिरली ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचायला लावायचं.

२. मजकूर आणा, पण रीतीने

विकिपीडियापासून सुरुवात करा. लेख एकाखाली एक मिळतात, आणि परवानाही मोकळा आहे: स्रोताचं नाव द्यायचं, आणि त्यावरून केलेलं काम त्याच परवान्यावर इतरांना द्यायचं. बातम्यांच्या साइट्स नंतर. तिथला मजकूर त्यांच्या मालकीचा असतो. त्यातून माहिती वेचणं वेगळं आणि लेखच्या लेख उचलून स्वतःकडे छापणं वेगळं. बहुतेक साइट्सवर 'रोबोट्स' नावाची छोटी फाइल असते, तिच्यात कुठली पानं यंत्राने उघडू नयेत ते लिहिलेलं असतं. ती आधी वाचा.

दोन पानांमध्ये काही सेकंद थांबायला प्रोग्रॅमला शिकवा. मी शिकवलं नव्हतं. रात्री लावून झोपलो. सकाळी त्या साइटने माझ्या घरच्या इंटरनेटला दारच बंद केलं होतं. दोष सगळा माझा. आठवडाभर घरच्यांना तिथल्या बातम्या मोबाइलच्या डेटावर वाचायला लागल्या आणि तेवढा आठवडा मला चहाबरोबर बोलणीही मिळाली.

जुन्या पीडीएफच्या वाटेला पहिल्या खेपेस जाऊ नका. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला असतो. ती बदलून घेण्याची साधनं आहेत. पण दर फॉन्टची तऱ्हा वेगळी.

३. मजकूर धुऊन घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि इथेच बहुतेक जण बुडतात. इंग्रजीसाठी लिहिलेली ट्यूटोरियलं पाहून केलंत तर खालचे चारही खड्डे तुमच्या वाटेत येणारच.

पहिला खड्डा पायथनचा. त्याच्यासोबत आपोआप येणाऱ्या 'आरई' मॉड्यूलला "शब्दातलं अक्षर शोध" म्हटलं की ते काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पाय मोडायची खूण यांना अक्षरच मानत नाही. 'सोलापूर' शब्द दिला तर हातात येतं स, ल, प, र. मला पहिल्या दिवशी वाटलं स्क्रीन बिघडली. 'रेजेक्स' मॉड्यूल वापरा, त्यात हा घोळ नाही.

दुसरा खड्डा 'शेतकऱ्यांच्या' या एका शब्दात आहे. त्यातला ऱ्य कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, पाय मोडल्याची खूण आणि तिच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायच्या पद्धतीचं, प्रमाणीकरण केलंत तरी हे दोन एक होत नाहीत, तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं. आणि क्रम सांभाळा: आधी दुसऱ्या तऱ्हेचा र पहिल्या तऱ्हेचा करा, मगच न दिसणारी चिन्हं पुसा. मी उलट केलं आणि सगळ्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला. सह्याद्रीच्या खोल दर्या! 'ॲ'चंही हेच. तो एका अक्षरातही लिहितात आणि 'अ'वर चंद्र देऊनही. कुठलीतरी एक तऱ्हा ठरवा आणि सगळं तिच्यात आणा.

तिसरा, वाक्य कुठे संपतं. पूर्णविराम दिसला की वाक्य तोडा, असं सांगितलं तर "डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला" याचं पहिलं वाक्य 'डॉ.' एवढंच होतं. डॉ., प्रा., श्री., सौ., कै., इ.स., कि.मी., ता., जि. ही यादी करा आणि यांच्यापुढे तोडू नको म्हणून सांगा. एकेका अक्षरानंतर टिंब असेल तर ती नावाची आद्याक्षरं, तिथेही तोडायचं नाही.

चौथा, आकडे. काही पानांवर देवनागरी, काही पानांवर इंग्रजी. हे मात्र सोपं आहे. पायथन १९१० ला सरळ संख्या म्हणून ओळखतो, तेव्हा सगळे आकडे साठवताना संख्येतच बदलून टाका.

४. नावं ओळखायला शिकवा

इंग्रजीत शहराचं नाव वाक्यात कुठेही आलं तरी तसंच राहतं. आपल्याकडे ते दर वाक्याला कपडे बदलतं. सोलापूरला, सोलापूरहून, सोलापूरच्या इथवर ठीक, पण सोलापुरात म्हटलं की मधला ऊ ऱ्हस्व होतो, आणि तुमच्या यादीतलं 'सोलापूर' त्यात सापडतच नाही. वर 'सोलापूरात' असं चुकीचं लिहिणारेही भरपूर. मंगळवेढ्याची, करमाळ्याहून, माढ्यात, सांगोल्याचं ही सगळी आकारान्त गावं, सामान्यरूपात 'ढा'चा 'ढ्या' आणि 'ळा'चा 'ळ्या' होणार. माझ्या प्रोग्रॅमला पहिल्या फेरीत मंगळवेढा तालुका जवळजवळ दिसलाच नाही, आणि मी म्हणतोय की या ज्वारीच्या कोठारावर कुणी काही लिहिलंच नाही की काय!

यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय: यादीतल्या प्रत्येक नावाची सगळी रूपं आधीच तयार करून ठेवा. अकराच तालुके, त्यांची रूपं तासाभरात होतात. गावांसाठी नियम लिहा: शेवटी 'आ' असेल तर 'या' जोडून बघ, 'पूर' असेल तर 'पुरा'ही बघ. अवघड उपाय म्हणजे तयार मॉडेल, म्हणजे नावं ओळखायला आधीच शिकवलेला प्रोग्रॅम. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 'महाएनईआर' नावाचा संच मोकळा केलाय. त्यात सुमारे २५ हजार मराठी वाक्यांत व्यक्ती, ठिकाणं, संस्था, तारखा अशा खुणा माणसांनी केल्या आहेत, आणि त्यावर शिकवलेली मॉडेल्सही मिळतात. मी दोन्ही वापरतो: मॉडेल सुचवतं, यादी पडताळते. व्याकरण सोडवून देणारी साधनंही आहेत, पण मराठीचा जो मोकळा वाक्यसंच त्यांच्या मागे आहे तो ५०० वाक्यांहूनही लहान. फार आशा ठेवू नका.

आता 'मोहोळ' घ्या. हा तालुका आहे, मधमाश्यांचं पोळं आहे आणि आडनावही आहे. "मोहोळ उठलं" यावरून माझ्या यंत्राने तालुक्यात काहीतरी घडलं असं टिपलं. इथे मराठीच मदतीला येते. पोळ्याला आपण 'मोहोळाला' म्हणतो, गावाला 'मोहोळला'. गावांच्या नावाला आपण सहसा तो 'आ' लावत नाही. आणि पुढे 'यांनी' किंवा 'म्हणाले' आलं की माणूस. हे नियम मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाहीत. बायकोने भाकरी थापता थापता सांगितले. जन्मभर बोलतो त्या भाषेतलं आपल्याला किती माहीत असतं आणि किती दिसत नाही, ते यंत्राला समजावताना कळतं.

५. बी पेरा

प्रत्येक संबंधासाठी दहा-पंधरा खात्रीच्या जोड्या हाताने द्या. 'नेल'लाही सुरुवातीला प्रत्येक प्रकारासाठी एवढीच उदाहरणं दिली होती. पीक आणि ठिकाण यासाठी माझ्या जोड्या अशा होत्या: मंगळवेढा–ज्वारी, सांगोला–डाळिंब, सोलापूर–चादर, नागपूर–संत्री, जळगाव–केळी, लासलगाव–कांदा, महाबळेश्वर–स्ट्रॉबेरी, रत्नागिरी–हापूस. फक्त आपल्या जिल्ह्यातल्या देऊ नका, नाहीतर साचेही जिल्ह्यापुरतेच निघतात.

मग प्रोग्रॅमने काय करायचं: ज्या वाक्यांत जोडीतले दोन्ही शब्द आहेत ती सगळी गोळा करायची, आणि दोन शब्दांच्या मधे व आजूबाजूला काय आहे ते बघायचं. "नागपूरची संत्री प्रसिद्ध आहेत", "जळगावची केळी प्रसिद्ध आहेत" यावरून साचा निघतो: 'अमुकची तमुक प्रसिद्ध आहेत'. तीन-चार वेगळ्या जोड्यांना बसेल तोच साचा ठेवा, एकाच जोडीला बसणारा टाका. आणि एका फेरीत वरचे पाचच साचे घ्या. मोह होतो पन्नास घ्यायचा.

याद्यांची वाक्यं वेगळी काढा, त्यांत एका दमात चार-चार गोष्टी मिळतात. "मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आलं." सोलापूरकरांना हे चार हुतात्मे सांगायला नकोत, यंत्राला मात्र सांगावं लागतं की स्वल्पविराम, 'आणि', 'व', 'तसेच' यांनी जोडलेली चार माणसं आहेत आणि 'यांना' या एका शब्दाने क्रियापद चौघांना लागतं.

दोन सूचना, झटपट. 'नाही', 'नव्हता', 'नसून' असलेली वाक्यं पहिल्या काही फेऱ्यांत सरळ गाळा. मराठीत नकार शेवटी येतो आणि साचा तोवर जुळून गेलेला असतो. आणि "१९३८ साली चीनला गेले" अशा बिनकर्त्याच्या वाक्यात कर्ता म्हणून लेखाचं शीर्षक धरा. बहुतेक वेळा बरोबर निघतं. 'कुटुंब' या उपशीर्षकाखाली मात्र धरू नका, तिथे भावंडांची माहिती मूळ माणसाच्या नावावर चढते.

६. लगाम घाला

हा सगळ्यात मोठा सापळा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुसऱ्या फेरीत माझ्या यंत्राने "लासलगावच्या कांद्याची मागणी वाढली" या वाक्यावरून साचा काढला: 'अमुकच्या तमुकची मागणी'. चांगला वाटला, त्याने सांगोला, जळगाव सगळं उचललं. त्याच साच्याने मग "शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची मागणी" हेही वाक्य उचललं. म्हणजे शेतकरी हे एक गाव आणि तिथे कर्जमाफी नावाचं पीक येतं! बाजारातली मागणी आणि मोर्चातली मागणी आपल्याला एका शब्दात चालते, कारण आपल्याला दोन्ही ठाऊक असतात. इथवर एक चूक होती. तिसऱ्या फेरीत शेतकरी–कर्जमाफी ही जोडीच बी झाली. तिच्यावरून 'अमुकच्या तमुकसाठी मोर्चा' हा साचा निघाला आणि चौथ्या फेरीत कामगार या गावी पगारवाढ, शिक्षक या गावी पेन्शन आणि बार्शी या गावी पाणी पिकू लागलं. शेवटचं तर मला अर्धवट खरंच वाटलं.

'नेल'सारख्या मोठ्या प्रणालीचीही अशीच फजिती झाली होती. तिने इंटरनेटच्या 'कुकी'ला खायच्या बिस्किटांत टाकलं, आणि लोक कुकीही डिलीट करतात आणि फाइलीही, म्हणून फाइलसुद्धा बेकरीत जाऊन बसली. शेवटी माणसांनी मधे हात घालून ते दुरुस्त केलं.

लगाम तीन प्रकारचे घाला.

जातीचा लगाम: या संबंधात पहिला खाना ठिकाणच असला पाहिजे, दुसरा पीक किंवा वस्तूच. ठिकाण म्हणजे यादीत आहे ते, किंवा ज्याला 'तालुका', 'गाव', 'येथे' असे शब्द चिकटलेले सापडतात ते. 'शेतकरी येथे' असं कुणी लिहीत नाही, तिथेच तो गळतो.

एकमेकांना वगळण्याचा लगाम: जो माणसांचा समूह आहे तो गाव नाही, जी नदी आहे ती व्यक्ती नाही. त्यामुळे एका प्रकारात नीट शिकलेलं दुसऱ्या प्रकारातली चूक पकडतं. म्हणून एकटा संबंध शिकवण्यापेक्षा चार-पाच एकत्र शिकवणं सोपं जातं. हे मला आधी उलटं वाटायचं.

संख्येचा लगाम: माणसाचं जन्मस्थळ एकच, धरणाची नदी सहसा एकच. दोन निघाली तर दोन्ही बाजूला काढा, यंत्राला निवडू देऊ नका. फक्त वडगाव, पिंपळगाव अशा नावांना हा लगाम लावू नका, ती दर तालुक्यात सापडतील. गावाचं नाव नेहमी तालुक्यासकट साठवा.

७. आवाज मोजू नका, साक्षीदार मोजा

एखादी गोष्ट जितक्या वेळा वाचली तितकी ती खरी, हा हिशेब मी सुरुवातीला लावला आणि तो दोन ठिकाणी आपटला.

मराठी विकिपीडियावर गावांचे हजारो छोटे लेख एकाच वाक्याने सुरू होतात: अमुक हे भारताच्या महाराष्ट्र राज्यातील अमुक जिल्ह्यातील अमुक तालुक्यातील एक गाव आहे. हा साचा माझ्या यंत्रात इतका बलाढ्य झाला, की दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने लिहिलेली माहिती त्याला कच्ची वाटू लागली. हजारो वेळा आलेला हा साचा, पण मुळात एकाच छापाच्या या प्रती.

बातम्यांतही तेच. एका वृत्तसंस्थेची बातमी वीस साइट्स जशीच्या तशी लावतात. वीस साक्षीदार वाटतात, असतो एकच. उपाय साधा आहे: प्रत्येक मजकुरातले सलग आठ-आठ शब्दांचे तुकडे काढा, दोन मजकुरांतले बरेचसे तुकडे जुळले तर त्यांना एकच धरा.

उरलेले खरोखर वेगळे असतील तर हिशेब असा. एक स्रोत दहात सात वेळा बरोबर असतो, म्हणजे चुकायची शक्यता ०.३. असे दोन स्वतंत्र स्रोत एकच गोष्ट सांगत असतील तर दोघेही चुकण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.०९, भरवसा ०.९१. तिसरा आला की ०.९७ च्या वर. पण एकाने दुसऱ्याची नक्कल केली असेल तर भरवसा तसाच ०.७ राहतो, जागचा हलत नाही. मी ०.९ च्या वरचं तक्त्यात घेतो, मधलं वहीत, खालचं कचऱ्यात.

मोठ्या भाषा-मॉडेलकडून माहिती काढून घ्यायचा मोह होईल. जरूर घ्या, मीही आता अवघड वाक्यांसाठी घेतो. पण त्याला सांगा की प्रत्येक माहितीसोबत मूळ वाक्य जसंच्या तसं दे, आणि ते वाक्य खरंच तुमच्या मजकुरात आहे का ते प्रोग्रॅमने तपासा. उजनीवरचा एक परिच्छेद मी दिला होता, त्यात नदीचं नावच नव्हतं. तरी त्याने 'भीमा' लिहून दिलं. उत्तर बरोबर, पण ते या परिच्छेदातून वाचलेलं नव्हतं. उद्या असंच आठवणीतून चुकीचंही लिहील, आणि तुमच्या तक्त्यात त्याला व्हाउचर नसेल.

८. एक नाव, अनेक मालक. एक मालक, अनेक नावं

आमच्याकडे 'सिद्धेश्वर' म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांचं मंदिर, मंदिराभोवतीचं तळं, आणि रात्री मुंबईला सुटणारी एक्स्प्रेससुद्धा. यंत्राने सगळं एका ओळीत घातलं आणि निष्कर्ष काढला, की बाराव्या शतकात होऊन गेलेले सिद्धेश्वर रोज रात्री मुंबईला जातात. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जात असतील, आपल्याला काय ठाऊक?"

अशा नावांपुढे क्रमांक घाला: सिद्धेश्वर-१ संत, सिद्धेश्वर-२ मंदिर, असं. कुठला कोण हे शेजारच्या शब्दांवरून ठरवा. 'फलाट', 'उशिरा', 'आरक्षण' आले तर गाडी. 'गड्डा', 'यात्रा', 'नंदीध्वज' आले तर देवस्थान.

उलट बाजूने, पंढरपुरात भीमेला चंद्रभागा म्हणतात. दोन नावं, नदी एकच. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्याचं २०२३ मध्ये धाराशिव झालं, अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर. आमचं विद्यापीठ २००४ साली निघालं ते सोलापूर विद्यापीठ म्हणून, २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. जुना मजकूर खोटा नाही, तो त्याच्या काळात खराच आहे. म्हणून पाचव्या खान्यातल्या तारखेखेरीज 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन खाने वाढवा. रिकामे राहिले तरी चालतील.

९. चेकिंगला बसा

आमच्या कारखान्यात गठ्ठ्यातून मधलेच काही टॉवेल ओढून चेकिंगच्या टेबलावर टाकतात. वरचे चांगले घड्या घातलेले कुणी बघत नाही. तुम्हीही दर फेरीनंतर तक्त्यातल्या शंभर ओळी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि स्वतः तपासा. पहिल्या शंभर नव्हेत, कारण पहिल्या नेहमी बऱ्या असतात. माझ्या पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त ओळी चुकल्या होत्या. निराश होऊ नका, पण लपवूही नका. तो आकडा तारखेसकट वहीत लिहा.

प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: सामान्यरूप, वाक्य चुकीचं तुटलं, साचा सैल, नावाचा घोळ, स्रोतच चुकीचा. दोन फेऱ्यांत कळतं की वेळ कुठे घालायचा. मला वाटत होतं माझे साचे वाईट आहेत. वही सांगत होती की वाक्यं चुकीची तुटताहेत.

सापडलं नाही ते किती, हे मोजणं अवघड असतं. त्यासाठी दहा लेख स्वतः वाचा, त्यातली माहिती हाताने लिहा आणि यंत्राने त्यातली किती उचलली ते बघा. रविवारची दुपार जाते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन बसलात तर तेवढी जाचत नाही.

आणि नवी फेरी सुरू करण्याआधी जुन्या तक्त्याची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, नावात तारीख घाला. चौथ्या फेरीला मी हे विसरलो, आणि ती कर्जमाफी-पगारवाढीची फेरी माझ्या त्यामानाने बऱ्या तिसऱ्या फेरीवर बसली. तिसऱ्या फेरीतल्या ज्या ओळी आज माझ्याकडे आहेत, त्या फक्त वहीत लिहिल्या होत्या म्हणून.